वाडी उभी करताना पाहिलेला समुद्र

३ जून २०२० च्या सकाळी पुण्यातही वारा सुटला होता. कर्वेनगरमधल्या आमच्या इमारतीसमोरचा गुलमोहर दहा वाजल्यापासून असा काही झुकत होता की, सह्याद्रीच्या आड ही अवस्था असेल तर कोकण किनाऱ्यावर, दिवेआगरला काकांकडे काय चालले असेल, या विचाराने माझे कशातच लक्ष लागेना. काकांशी शेवटचे बोलणे साडेअकराच्या सुमारास झाले. "कौलं उडायला लागलीत, आम्ही दोघं माजघरात बसतो, तू काळजी करू नकोस," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि त्यानंतर सहा दिवस त्या गावातला एकही फोन लागला नाही. बांगलादेशाने सुचवलेले 'निसर्ग' हे नाव मिळालेले ते चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता, हे आम्हाला पुण्यात बसून बातम्यांमधून कळत होते; आपली माणसे कशी आहेत, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

टाळेबंदीमुळे जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे. तो हाती आल्यावर ९ जूनला पहाटे मी आणि माझा धाकटा भाऊ निघालो. गाडीत तांदूळ, मेणबत्त्या, काकांची रक्तदाबाची औषधे, पाण्याचे कॅन आणि पौडला घेतलेल्या चार ताडपत्र्या होत्या. ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि पुढे म्हसळा गाठेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना नुकतीच कापून बाजूला सारलेली झाडे आणि आडवे झालेले विजेचे खांब दिसत होते. दिवेआगरकडे उतरणाऱ्या शेवटच्या वळणावर भावाने न सांगता गाडी थांबवली. त्या वळणावरून लहानपणापासून आम्ही पाहत आलो ते माडांच्या शेंड्यांचा एक सलग हिरवा पट्टा आणि त्यापलीकडची समुद्राची रेघ. त्या झाडोऱ्याखाली एक गाव नांदते आहे, हे ज्याला ठाऊक त्यालाच कळे. त्या दिवशी मात्र एकेक घर मोजता येत होते, कौलांवाचून उघडे पडलेले वासे लांबूनही दिसत होते, आणि समुद्र जणू गावाच्या अंगणात येऊन उभा राहिला होता.

काका आणि काकू सुखरूप होते. घराचे पुढचे छप्पर पार गेले होते, माजघरावरचे तेवढे टिकले होते. वीस गुंठ्यांच्या आमच्या आगरात, म्हणजे माड-सुपारीच्या वाडीत, सुमारे २६० पोफळी आणि ४५ माड होते. त्यांपैकी १९० पोफळी आणि २८ माड गेले. पोफळी एकाच दिशेने, कणसे कापून ओळीने ठेवावीत तशा पडल्या होत्या आणि त्यांच्या खाली मिरीचे वेल, जायफळाची दोन झाडे आणि केळी चिरडून गेल्या होत्या. हिरव्या सुपाऱ्यांचा चिखलात सडा पडला होता. वाडीत भर दुपारी दिवा लावावा अशी सावली असायची, तिथे उघडे ऊन पडले होते, आणि मला वाटते काकूंना पडलेल्या झाडांहून त्या उन्हाचाच धक्का मोठा बसला होता, कारण विहिरीवर जाताना त्या डोक्यावर पदर घेऊ लागल्या होत्या आणि तसे करताना प्रत्येक वेळी क्षणभर थांबून वर पाहत होत्या.

पहिल्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला आजही जशीच्या तशी आठवते. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब असा की, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. ३ जूनला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. "बारा पाऊणे नऊ," काका म्हणाले, "तासभर इकडंतिकडं धर, पण वादळ दुपारी आलं तेव्हा पाणी उतरतं होतं. तेच सकाळच्या भरतीला आलं असतं ना, तर विहिरीत खारं पाणी शिरलं असतं आणि मग वाडी नावाला उरली नसती." सगळे गमावल्यावरही ज्या माणसाला आधी आठवते ती समुद्राची वेळ, त्या माणसाबरोबर पुढची अडीच वर्षे काम करायचे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका नेहमीप्रमाणे पुळणीवर निघाले. मी त्यांच्या मागे गेले खरी, पण घराचे छप्पर उघडे असताना समुद्रावर फिरायला जाणे मला बरे वाटत नव्हते आणि वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्यांच्या नजरेला नजर देणेही जड जात होते. वाळूच्या उंचवट्यावरचे सुरूचे बन बरेचसे भुईसपाट झाले होते. मोडलेली खोडे, तुटलेली जाळी, प्लास्टिकच्या बाटल्या आणि नारळ यांची भरतीरेषेवर लांबच लांब रास पडली होती. त्या राशीपलीकडे, जिथे सुरू उपटून पडले होते तिथेच, मर्यादवेल मात्र वाळूला धरून होती. हिची पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली, फुले जांभळी आणि घंटेच्या आकाराची. ती वाळूवर सरपटत जाते आणि पेरापेरापाशी मुळे सोडत वाळू धरून ठेवते. वाऱ्याने पाने फाटली होती, काही वेल वाळूखाली गाडले गेले होते, पण काकांनी एका ठिकाणची वाळू हाताने बाजूला केली तेव्हा खाली गाडलेल्या पेराला बोटभर लांबीचा पांढरट हिरवा कोंब फुटलेला मी डोळ्यांनी पाहिला. वादळाला तेव्हा सातच दिवस झाले होते. काकांनी ती वाळू पुन्हा हलकेच वर लोटली आणि आम्ही घरी येऊन ताडपत्री बांधायला घेतली.

त्यानंतर दिवसाची घडीच तशी बसून गेली. पहाटे तासभर पुळण, मग काम. पुढे मी पुण्याहून दर महिना-दोन महिन्यांनी जात राहिले तेव्हाही ती बदलली नाही. पुण्यात काही ओळखीचे लोक विचारत, "एवढं नुकसान झालंय आणि तुम्ही पक्षी बघता?" मला त्याचे नीट उत्तर देता येत नसे. एवढे सांगू शकते की, ज्या दिवशी आम्ही पहाटे समुद्रावर गेलो नाही त्या दिवशी काका दुपारी वाडीत नुसतेच बसून राहत आणि ज्या दिवशी गेलो त्या दिवशी कुऱ्हाड हातात घेत.

पंचनाम्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याचा त्रास लिहीत बसले तर दुसरे काही लिहिता येणार नाही. सुरुवातीची मदत हेक्टराच्या हिशेबाने होती आणि कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, त्यामुळे वाट्याला येणारी रक्कम हास्यास्पद होत होती. पुढे नारळाला झाडामागे २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये असा दर ठरला. आमच्याकडे आलेल्या माणसाने मुळासकट उपटलेली झाडे तेवढी मोजली आणि शेंडा मोडलेल्या पोफळी 'उभ्या' म्हणून सोडून दिल्या. माड किंवा पोफळ यांना फांद्या नसतात, त्यांची सगळी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते आणि तो मोडला की झाड उभे दिसले तरी मेलेलेच असते, हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही समजते. दोन अर्ज आणि छायाचित्रे दिल्यावर ती झाडे यादीत आली. जे पोफळीचे झाड सात-आठ वर्षे शिंपून हाताशी येते, त्याचे मोल ५० रुपये लावलेले पाहून काकूंनी तो कागद घडी करून देवघरातल्या फळीवर ठेवला आणि त्याविषयी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आमच्या वाडीच्या मागच्या बांधावर एक जुना रायवळ आंबा होता आणि त्याच्या शेंड्याजवळ समुद्री गरुडाच्या जोडीचे घरटे होते. हा पक्षी घारीहून बराच मोठा, पोट आणि डोके पांढरेशुभ्र, पाठ राखाडी; भरसमुद्रावर तरंगत असतानाही त्याचे पंख वर उचललेले दिसतात. ही जोडी वर्षानुवर्षे तेच घरटे वापरते आणि दर हंगामात त्यावर काटक्यांची भर घालते, त्यामुळे आमच्या आंब्यावरचे घरटे खाटेएवढे रुंद झाले होते. त्याच्या खाली मात्र माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके पडत, नेमके विहिरीच्या वाटेवर, आणि काकू त्या पक्ष्यांना रोज चार शब्द सुनावल्याशिवाय पाण्याची कळशी उचलत नसत. वादळात तो आंबा मुळासकट उलथला. घरट्याच्या काटक्यांचा ढीग विहिरीशेजारी पडला होता, त्यात अंगठ्याएवढ्या जाड फांद्याही होत्या. जून महिना असल्यामुळे पिल्ले उडून गेलेली असणार, एवढेच समाधान. आम्ही तो ढीग कितीतरी दिवस हलवला नाही. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते, पण सरपणाची एवढी ओढ असताना काकूंनीही त्यातली काटकी चुलीत घातली नाही.

पाऊस लागल्यावर छपराचे काम आले. मंगलोरी कौले सगळ्याच गावाला एकाच वेळी हवी होती, ती कुठेच मिळत नव्हती. म्हणून अर्ध्या घरावर पत्रे घातले आणि पडलेल्या माडांच्या खोडांचे वासे काढून वापरले. आमच्या पाखाडीत वीज यायला दीड महिना लागला. या काळातले सगळ्यात किचकट काम होते ते पडलेली खोडे वाडीतून बाहेर काढण्याचे. ती तशीच कुजू दिली तर त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या त्या कुजलेल्या खोडात वाढतात आणि तयार झालेले भुंगे पुढे उभ्या माडांचा कोवळा कोंब पोखरतात. म्हणजे वादळातून वाचलेले १७ माडही आळस केला तर दोन वर्षांत गेले असते. भावाने माणगावहून यंत्रकरवत आणली. खोडांचे तुकडे करून ती गडग्याबाहेर काढायला आम्हाला आणि दोन मजुरांना पावसाच्या उघडिपी धरून दिवाळीपर्यंत वेळ लागला.

त्यातच एक पेच उभा राहिला. शेंडा मोडलेल्या एका माडाच्या खोडात, जमिनीपासून साधारण पंधरा फुटांवर, सुतारपक्ष्याने पूर्वी पाडलेले एक भोक होते. हिवाळ्यात आम्ही त्या खोडापाशी करवत घेऊन गेलो, तेव्हा भोकातून पोपटाचे हिरवे डोके बाहेर आले, आमच्याकडे मान तिरकी करून पाहिले आणि पुन्हा आत गेले. भावाचे म्हणणे असे की, एक खोड ठेवले की भुंग्याला घर ठेवल्यासारखे आहे. ते खोटेही नव्हते. काका बराच वेळ वर पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "गावात पोकळ खोडं राहिलीत किती? त्यांनी जायचं कुठं?" ते खोड ठेवले गेले. त्याच्या बुंध्याशी साचणारा भुसा आणि कुजलेला भाग काका दर आठवड्याला लोखंडी सळईने उकरून काढत, अळी सापडली तर कोंबडीला घालत. पोपटांची पिल्ले पुढच्या मार्चच्या अखेरीस उडाली आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी ते खोड पाडून घेतले. मला तो निर्णय दोन्ही अंगांनी बरोबर वाटतो.

मधल्या काळात, ऑगस्टच्या शेवटी मी गेले तेव्हा, पुळणीवर पहिले चिखले आले होते. उन्हाळ्यात मध्य आशियातल्या आणि तिबेटच्या उंच पठारांवर वीण करून हे मूठभर आकाराचे पक्षी पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्यावर उतरतात. ते ओहोटीच्या ओल्या वाळूवर चार पावले धावतात, एकदम थांबतात, टिपतात, पुन्हा धावतात. किनाऱ्यावर अजून सुरूची खोडे पडलेली होती आणि ते त्यांच्यामधून सहज वाट काढत होते. त्यांच्या पायांखाली वाळूखेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी घातली होती. बोराच्या बीएवढा तो खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले खाद्य चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून थोडी मोठी गोळी मागे टाकतो. बिळाभोवती सूर्याच्या किरणांसारख्या ओळी तयार होतात. भरती आली की ते सारे पुसले जाते आणि पुढच्या ओहोटीला तो पहिल्या गोळीपासून सुरुवात करतो. मी त्या दिवशी गुडघ्यांवर बसून एका बिळावर पाऊण तास नजर ठेवली. शाळेच्या ऑनलाइन तासांमुळे माझे डोळे महिनोन् महिने पडद्यावर खिळलेले होते. इतक्या लहान, इतक्या जवळच्या आणि हलत्या गोष्टीकडे मी कित्येक दिवसांत पाहिलेच नव्हते.

नव्या लागवडीला खरी सुरुवात आम्ही २०२१ च्या पावसाळ्यात केली. आधी केळी लावल्या, कारण सावलीशिवाय पोफळीची रोपे उन्हाने करपतात. केळी डोक्याएवढ्या झाल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपे लावली. माडाची रोपे बाणवली जातीची घेतली. तौक्ते वादळ त्याच वर्षी मे महिन्यात किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे सरकले. त्या दोन रात्री काकू झोपल्या नाहीत, पण आमच्याकडे पत्रे तेवढे वाजले, गेले काही नाही.

त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांचे दिवस आले होते. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. मोडलेल्या झाडांच्या राशीमुळे त्यांना वर चढता येणार नाही, ही भीती गावाला होती. म्हणून पोरांनी थंडी पडायच्या आतच ओंडके ओढून वाटा मोकळ्या केल्या होत्या. कासवमित्रांनी अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरली होती. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात आणि नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. ज्या सकाळी पिल्ले सोडायची होती त्या सकाळी काकू वादळानंतर पहिल्यांदा पुळणीवर आल्या. पिल्लांना पाण्यात सोडत नाहीत, पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात, ती आपल्या पायांनी जातात. एक पिल्लू काकूंच्या पावलाच्या ठशात उतरले आणि त्याला तो काठ चढता येईना. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हा माझाच पाय," आणि वाकून हात पुढे केला. कासवमित्राने मान हलवून नको म्हटले. काकू तशाच वाकून उभ्या राहिल्या. पिल्लाने चार वेळा घसरून पाचव्या वेळी तो काठ ओलांडला आणि पुढची लाट त्याला घेऊन गेली.

समुद्री गरुडांची जोडी त्या हिवाळ्यात आम्हाला फक्त लांब समुद्रावर दिसली. कधी ती गावावरून घिरट्या घेत जुन्या आंब्याच्या जागी येत आणि तिथे झाड नसल्याने पुन्हा समुद्राकडे वळत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांतला एक पक्षी काटकी घेऊन दक्षिणेकडे जाताना काकांनी पाहिला, पण घरटे सापडले नाही. विहिरीजवळचा जुना ढीग दोन पावसाळ्यांत कुजून निम्मा झाला होता. काकांनी त्यातल्या न कुजलेल्या जाड काटक्या वेगळ्या काढून पडवीत उभ्या करून ठेवल्या. कशासाठी, असे मी विचारले नाही.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये, एका शनिवारी सकाळी, मी पुण्यात मंडईतून भाजी घेऊन येत असताना काकूंचा फोन आला. काकू फोन करत नाहीत, काका लावून देतात तेव्हा बोलतात. त्यामुळे मी रस्त्याच्या कडेला थांबले.

"समुद्रावर जायच्या वाटेवर तो देवळामागचा आंबा नाही का," त्या म्हणाल्या, "त्याखाली हाडं पडलीत. सापाची. चांगली लांब माळ आहे मणक्यांची."

"झाडून टाकलीत का?" मी विचारले.

"नाही गं. वाटेच्या कडेला सारून ठेवलीत. तू येशील तेव्हा बघशील. आणि येताना तुझी दुर्बीण आण, हे मान वर करून करून दुखवून घेतात."